अण्णा फोटोवाले: एक मैत्री, आणि मागे राहिलेल्या निगेटिव्हज (बेळगाव)

वडगावचा माग (धागाकर्ता)

बेळगावचे अण्णा फोटोवाले गेले. त्यांचं नाव नेटवर नको, असं घरच्यांनी सांगितलंय, म्हणून इथे ते अण्णाच. खडे बाजार, गणपत गल्ली, रामदेव गल्ली या पट्ट्यात ज्यांची उठबस होती त्यांना नाव सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो की बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या भागात आज चाळिशी-पन्नाशीत असलेले जे फोटोग्राफर आहेत, त्यातले बरेच जण त्यांच्या डार्करूमच्या दारात उभं राहून शिकले.

मी फोटोग्राफर नाही. विणकराचा मुलगा. आमची ओळख झाली ती आमच्या घरी, मागावर. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वडगाव-शहापुरात हातमाग मोडून यंत्रमाग बसवणं घरोघर चाललं होतं. आमच्या वडिलांचा खड्डामाग अजून चालू होता. अण्णा आले, "मागाचे फोटो काढायचे होते, चालंल काय?" म्हणाले आणि कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. भिंतीला टेकून बसले. धोटा कसा फेकता, पावडी आधी कुठली दाबता, सूत तुटलं तर गाठ कशी मारता, असं विचारत राहिले. कांड्या आई भरते हे कळल्यावर दारातूनच म्हणाले, "वहिनी, तुमचाबी काढू की नको? नको असंल तर नको म्हणून सांगा."

कॅमेरा निघाला तो दुसऱ्या खेपेला. याशिकाचा, दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. या कॅमेऱ्याची गंमत अण्णांनी मला पुढे सांगितली. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या तोंडासमोर यंत्र येत नाही. काढणारा मान खाली घालून उभा असतो, त्यामुळे समोरच्याला कुणी डोळा रोखून बघतंय असं वाटत नाही. खरंच, वडिलांचा हात एकदाही थांबला नाही. एका रोलवर बारा फोटो. ते बारा त्यांनी सबंध दुपारभर पुरवले.

काही दिवसांनी ते प्रिंट घेऊन आले. वडिलांना एक, आईला वेगळा एक. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, गल्ली, गाव, महिना-साल आणि खाली रोलचा नि फोटोचा नंबर. माझ्या वडिलांनी उभा जन्म मागावर काढला, पण काम करतानाचा त्यांचा फोटो तेवढा एकच.

तिथून मैत्री जडली. वयात चांगलंच अंतर होतं, ते मला 'लेका' म्हणायचे, मी त्यांना 'अहो अण्णा'. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या येझदीवर मागे बसून मी स्टँड धरायला जायचो. हलशीला किती वेळा गेलो असू. तिथल्या भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात वराह, दुसऱ्यात नरसिंह. कदंबांची ती राजधानी, एवढं पुस्तकात वाचलं होतं. अण्णांना ध्यास होता तो दोन्ही गाभाऱ्यांतल्या काळोखाचा. फ्लॅश त्यांनी तिथे कधी वापरला नाही. माझ्या हातात धुवट पांढरं धोतर ताणून द्यायचे आणि दारातून येणारा उजेड त्यावर घेऊन आत सोडायला लावायचे. शटर काही सेकंद उघडं. मधून कुणी दर्शनाला चालत गेलं तरी फोटोत उमटत नसे, इतकं ते संथ काम. मी कंटाळून चुळबुळ केली की म्हणायचे, "घाई कशाला करूलास? उजेड येऊलाय की."

आणखी एक सांगतो, कारण त्यांची खरी ओळख मला तिथे पटली. मार्गशीर्षातल्या पुनवेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला सोडलेल्या बायकांच्या बांगड्या फोडतात. एका बाहेरगावच्या मासिकाने अण्णांना त्याचे फोटो काढायला पाठवलं होतं, पैसेही आगाऊ दिले होते. देवदासी बंदीचा कायदा 1982 चा, त्याच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट, वातावरण तापलेलं. आम्ही पोचलो, गर्दीत शिरलो. एक मुलगी समोर आली, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. अण्णांनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. "हिला कुणी विचारलंय?" एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डोंगराखाली सुटलेल्या बैलगाड्या, चुली, भंडाऱ्याने माखलेल्या पायऱ्या काढल्या. मासिकाला त्या नको होत्या. पैसे परत गेले.

धागा काढायचं कारण. अण्णांच्या माडीवर लोखंडी ट्रंका भरून निगेटिव्हज आहेत. घरच्यांनी विश्वासाने मला नि दोघा-तिघांना त्या लावायला दिल्यात. पाकिटांवर बरंच लिहिलेलं आहे, पण पावसाळी ओलीने पुष्कळ ठिकाणी पेन्सिल पुसट झालीय. ज्यांच्याकडे अण्णांनी दिलेले प्रिंट आहेत त्यांनी मागची बाजू बघून इथे लिहावं. आणि आठवणीही लिहा, मला वाचायच्या आहेत.

मलप्रभा

फार वाईट वाटलं. कणकुंबीला आमच्या घरी येऊन गेले होते, मलप्रभा नदी उगमापाशी कशी दिसते ते बघायला. सविस्तर लिहिते नंतर.

डार्करूम

मी त्या दारात उभा राहून शिकलेल्यांपैकी एक. आज माझा स्वतःचा स्टुडिओ आहे तो त्यांच्यामुळे.

अण्णा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, तयार पाकिटातला वापरत नसत. डी-76 घरी बनवायचे. लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5, बोरॅक्स 2. हे आकडे त्यांनी मला पाठ करायला लावले होते, अजून झोपेतून उठवून विचारा. क्रमही ठरलेला. सल्फाइटची चिमूट आधी, नाहीतर मेटॉल विरघळतानाच हवेने बिघडायला लागतं. मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट, मग बाकीचं. पाणी राकसकोप जलाशयाचं. पावसाळ्यात नळाला गढूळ यायचं, तेव्हा दुहेरी धोतरातून गाळून, उकळून, निववून घ्यायचं. बेळगावची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. डिसेंबरात द्रावण वीस अंशावर राहत नसे, मग ट्रेखाली कोमट पाण्याची परात.

प्रिंट काढताना त्यांचं सगळं लक्ष काळ्या भागाकडे. धनगराचं घोंगडं काळंच असतं, पण त्याची वीण दिसली नाही तर तो प्रिंट ते फाडायचे. तारेला पुठ्ठ्याची चकती लावून एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राच्या) उजेडात ती हलती ठेवायची, म्हणजे तेवढा भाग उजळ राहतो. हात थांबला की कडा उमटते. मला वाटायचं हा हाताचा खेळ आहे. ते म्हणायचे, "हात नको बघू, घोंगडं बघ. कुणी विणलंय ते."

उरलेला हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं द्रावण, मात्र ते फेकत नसत. त्यातली चांदी काढून घेणारा माणूस यायचा. त्याचे पैसे वेगळ्या डब्यात पडायचे, आणि ज्यांना प्रिंट परवडत नाही त्यांचा कागद त्यातून यायचा. हे मला फार उशिरा कळलं, त्यांनी कधी सांगितलं नाही.

शहापूरची लेक

मी फोटोतलं काही जाणत नाही. माझ्या लग्नाचे फोटो अण्णांनी काढले एवढीच ओळख. पण ते अल्बम ज्याने बघितलं त्याने विचारलंय, हे असलं कुणी काढलं?

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मांडे करायला बायका आल्या होत्या. बेळगावात लग्नाला मांडे हवेतच. फोटोवाल्याला बोलावणं होतं दुसऱ्या दिवशीचं. अण्णा आदल्या दिवशीच सकाळी परसात हजर. चुलीवर खापर पालथं घातलेलं, धूर, आणि आमच्या मावशी. मावशी म्हणजे सख्ख्या नव्हेत, गल्लीतल्याच, पण कुणाच्याही घरी कार्य असो, मांडे त्यांच्या हातचे. पुरणाचा उंडा पारीत भरून दोन्ही हातांवर झेलत झेलत त्या मांडा कोपरापर्यंत पसरवायच्या आणि एका झोकात खापरावर टाकायच्या. मांडा हवेत आहे, त्यातून पलीकडचा जाळ दिसतोय, आणि मावशींचं तोंड वर. तो फोटो माझ्या अल्बमात पहिल्या पानावर आहे, माझ्या स्वतःच्या फोटोच्या आधी. सासरी काहींना ते खटकलं होतं. मी पान बदललं नाही.

मावशी पुढे वारल्या तेव्हा त्यांच्या मुलाकडे आईचा एकही फोटो नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं की आहे की, अण्णांनी तेव्हाच एक प्रिंट त्यांनाही दिला होता. तो पिठाच्या डब्यात कागदात गुंडाळलेला सापडला. मागे त्यांचं पूर्ण नाव लिहिलेलं. आम्ही सगळे त्यांना नुसतं मावशीच म्हणत होतो. त्यांचं नाव माझ्याही ध्यानात नव्हतं.

निपाणीकर

1981 च्या तंबाखू आंदोलनात पुणे-बंगळूर रस्त्यावर शेतकरी बसले होते तेव्हा अण्णा निपाणीत होते. मी लहान होतो, वडिलांच्या खांद्यावरून बघितलेलं आठवतंय. गोळीबार झाला, माणसं गेली, ते सगळं पेपरात आलंच. अण्णांचे जे फोटो आमच्या भागात लोकांनी जपलेत ते त्याच्या आधीचे आहेत. रस्त्यावर रांधणाऱ्या बायका, ट्रकच्या सावलीत निजलेली माणसं, भाकरी वाटप.

नंतर ते विड्या वळणाऱ्या बायकांकडेही यायचे. सुपात तंबाखू, कात्रीने पान कापणं, दोरा गुंडाळणं. त्या खोलीत तंबाखूच्या धुळीने मला ठसका लागायचा, ते तासन्‌तास बसायचे. माझी आजी त्यात होती. तिचा फोटो मोठा करून आम्ही लावलाय. कुणी कारखान्याच्या कॅलेंडरसाठी मागितला होता, अण्णांनी आजीला विचारायला माणूस पाठवला. आजी नको म्हणाली. विषय संपला.

बसवान गल्ली

मी घरी कन्नड बोलणारा. शाळा मराठी, कॉलेज लिंगराज. मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

इथे अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 1 नोव्हेंबर बेळगावात कसा असतो ते बाहेरच्यांना कळणार नाही. एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक चन्नम्मा सर्कलकडे, लाल-पिवळे झेंडे. त्याच दिवशी दुसऱ्या बाजूला मराठी लोकांच्या काळा दिनाची सायकल फेरी, दंडाला काळ्या फिती. अण्णा वर्षानुवर्षं दोन्हीकडे जायचे. पहाटेपासून पायी. दोन्हीकडच्या लोकांना माहीत होतं की हे तिकडेही जाऊन आलेत किंवा जाणार आहेत. सुरुवातीला काहींनी कटकट केली असेल, मी नाकारत नाही. पण मी स्वतः राज्योत्सवाच्या गर्दीत मागे पडलो होतो, तेव्हा मला खांद्यावर घेतलेले माझे अप्पा त्यांच्या फोटोत आहेत. अप्पा कट्टर. अण्णांशी वाद घालायचे, सीमाप्रश्न, महाजन आयोग, सगळं. वाद संपला की आमच्याकडे कुंदा खाऊन जायचे. अप्पांच्या आजारपणात रोज संध्याकाळी येऊन बसणारे हेच.

त्यांच्या पाकिटांवर काही नावं कन्नड लिपीत आहेत का, बघा. ज्याचं नाव त्याच्याकडूनच पाकिटावर लिहून घ्यायची त्यांना सवय होती.

वडगावचा माग (धागाकर्ता)

@बसवान गल्ली, आहेत. पुष्कळ आहेत. आणि काही अंगठेही आहेत, शाईचे. आम्हाला आधी वाटलं कुणाचे तरी काळे हात लागलेत. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर उलगडा झाला. वाचायला मदत कराल?

@शहापूरची लेक, ताई, मावशींचा तो रोल सापडला तर त्यांच्या मुलाला सगळे फोटो देऊ. महिना-साल कळवा.

सह्याद्रीवासी

धागा आवडला, पण एक मनापासून विचारतो. सुरुवातीपासून अण्णा मोठे फोटोग्राफर असं वाचतोय. त्यांचं पुस्तक नाही, मुंबई-दिल्लीत प्रदर्शन नाही, पुरस्कार कुणी लिहिला नाही. मग त्यांचा प्रभाव कशावर मोजायचा? आपल्या गावचा म्हणून आपण मोठं करतोय असं तर नाही?

वडगावचा माग (धागाकर्ता)

प्रश्न रास्त आहे. नीट उत्तर देतो.

अण्णांना मोठे फोटोग्राफर ठाऊक नव्हते असं नाही. होमाई व्यारावालांबद्दल ते भरभरून बोलायचे. पहिली भारतीय महिला वृत्तछायाचित्रकार, आणि 1970 च्या सुमाराला कॅमेरा ठेवून दिला तो परत हातात घेतला नाही. त्यांना पद्मविभूषण मिळालं 2011 साली, तेव्हा अण्णांनी दुकानात पेढे वाटले. म्हैसूरच्या टी. एस. सत्यन यांचे फोटो मासिकांतून कापून त्यांनी वहीत चिकटवले होते. रघू राय यांनी भोपाळला काढलेला, मातीत पुरल्या जाणाऱ्या त्या लेकराचा फोटो 1984 नंतर जगभर गेला. तो भिंतीवर लावावा की नाही यावर रविवारी सकाळी त्यांच्या दुकानात पोरांचा मोठा वाद झाला होता. अण्णांनी लावला नाही, पण वहीत ठेवला. ज्याला बघायचाय त्याने मागून बघावा, असं त्यांचं म्हणणं.

आता प्रभाव. त्या रविवारच्या बैठकीला जो येईल त्याने आपली कॉन्टॅक्ट शीट (सबंध रोलचे छोटे फोटो एकाच कागदावर) आणायची. अण्णा भिंग घेऊन एकेक चौकट बघत आणि फोटो चांगला-वाईट यावर बोलण्याआधी विचारत, "हा कोण?" नाव सांगता आलं नाही तर शीट परत. मग पुढचा प्रश्न, "ह्याला प्रिंट दिलास?" दोन्ही उत्तरं आली की मग उजेड, रचना, फोकस. त्या बैठकीतून गेलेली पोरं पुढे पेपरांत गेली, मराठी पेपरांत तशीच कन्नड पेपरांत. काहींनी लग्नाचे स्टुडिओ काढले. आज तुम्ही आमच्या भागातल्या यात्रेत, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत, सांब्र्याच्या कुस्तीच्या फडात फोटोग्राफर बघा. फोटो काढल्यावर खिशातून चिटोरं काढून नाव लिहून घेणारा दिसला की समजावं तो कुठून आलाय. माझ्या लेखी हा प्रभाव आहे. प्रदर्शनात भिंतीवर लागलेल्या फोटोखाली "विणकर, बेळगाव" एवढंच लिहिलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. माझ्या वडिलांच्या फोटोमागे त्यांचं नाव आहे. हा फरक मला लहान वाटत नाही, आणि तो एका माणसाने हट्टाने आमच्या सबंध जिल्ह्यात रुजवला.

प्रदर्शनाचं म्हणाल तर त्यांची प्रदर्शनं झाली. ज्या गावातले फोटो, त्या गावात. देवळाच्या ओवरीत दोरी बांधून, कपड्याचे चिमटे लावून. संध्याकाळी ज्याचा फोटो तो दोरीवरून काढून घरी घेऊन जायचा.

सह्याद्रीवासी

समजलं. त्या दोरीवरच्या प्रदर्शनाचा कुणी काढलेला फोटो असेल तर तो आधी शोधा. मला तो बघायला आवडेल.

हलशी खानापूर

+१. नंदगडला असं एक झालेलं मी पाहिलंय. दोरी शेवटी रिकामी होते, तेव्हा फोटो असेल तर दिवसाउजेडीचाच.

निगेटिव्ह जपा

मी ग्रंथालयात जतनाचं काम करतो, थोडं कामाचं लिहितो.

ट्रंका उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतोय का? येत असेल तर ती फिल्म सडायला लागलीय. ॲसिटेट फिल्मचं असं होतं, आणि एकीची लागण शेजारच्यांना होते. असे रोल ताबडतोब वेगळ्या खोलीत काढा आणि स्कॅनिंगला तेच आधी घ्या, कारण ते आक्रसतात, मग सपाट बसत नाहीत.

पाकिटं हलवण्याआधी प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो घ्या, ज्या क्रमाने ट्रंकेत आहेत त्याच क्रमाने. अण्णांनी लावलेला क्रम हीसुद्धा माहिती आहे. रबरबँड, सेलोटेप, टाचण्या काढा. प्लॅस्टिकची स्वस्त पाकिटं नकोत, बेळगावच्या पावसात त्यात ओल धरून फिल्म चिकटते. आम्लविरहित कागदाची पाकिटं मागवा. ट्रंका जमिनीवर नकोत आणि बाहेरच्या भिंतीला लागून नकोत.

2019 च्या ऑगस्टातल्या पुरात आपल्या जिल्ह्यात किती घरांतले अल्बम गेले याची गणती नाही. तेव्हा लोकांनी भिजलेल्या निगेटिव्हज उन्हात टाकल्या आणि त्या एकमेकींना कायमच्या चिकटल्या. भिजल्या तर ओल्याच ठेवायच्या, गार स्वच्छ पाण्यात, आणि हळूहळू सुट्या करून सावलीत टांगायच्या. हे लिहून ट्रंकेवर चिकटवा.

स्कॅनिंगला महागडं यंत्र नसलं तरी चालतं. चांगला डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स, खालून एकसारखा प्रकाश देणारी एलईडी पाटी आणि हलणार नाही असा स्टँड. फिल्मची चमक नसलेली बाजू भिंगाकडे आली तर उजवं-डावं उलटं होतं, ते नंतर फिरवायला विसरू नका. नाहीतर धोटा डाव्या हातात दिसायचा.

डार्करूम

मॅक्रो लेन्स आणि स्टँड माझ्याकडून. रविवारी सकाळी येतो. रविवारच बरा.

वडगावचा माग (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. आंबट वास एका ट्रंकेला येतोय, ती वेगळी काढली.

काहींनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलंय की हे सगळं एखाद्या मोठ्या संस्थेला का देत नाही. घरच्यांशी बोललो. त्यांचं म्हणणं मला पटलं. आधी ज्यांचे फोटो त्यांना किंवा त्यांच्या मुलाबाळांना प्रती जाऊ देत, नावं भरून होऊ देत, मग मूळ फिल्म जिथे नीट राहील तिथे द्यायची. क्रम उलटा झाला तर नावं कधीच भरली जाणार नाहीत, कारण ओळखणारी माणसं ऐंशीच्या पुढे गेलीत. येळ्ळूर, सांब्रा, उचगाव, जांबोटी, हलशी आणि निपाणी, या गावांपासून सुरुवात करतोय. गावात गेल्यावर म्हातारी माणसं जमवून देणारं कुणी असेल तर लिहा. स्कॅन मोठ्या पडद्यावर दाखवू, मोबाइलवर त्यांना दिसत नाही.

राजहंसगड

मी येळ्ळूरचा. आमच्या सोप्यात एक फोटो आहे, किल्ल्याच्या पायथ्याला भातकापणी, मधे फेटा बांधलेला माणूस विळा वर धरून हसतोय. ते माझे आजोबा. काढणारा कोण ते घरात कुणाला माहीत नव्हतं. हा धागा वाचून आज फ्रेम उघडली. मागे पेन्सिलीने आजोबांचं नाव, येळ्ळूर आणि दोन आकडे आहेत, मधे तिरकी रेघ. साल पुसलंय. शेजारी उभ्या तिघी बायका कोण ते आईलाही सांगता येईना.

वडगावचा माग (धागाकर्ता)

दोन आकड्यांतला पहिला रोलचा, दुसरा फोटोचा. आकडे कळवा, आज रात्रीच ट्रंकेत बघतो. त्या रोलवर आणखी अकरा फोटो असणार, त्यात त्या तिघींची नावं मिळायची शक्यता आहे. आईंना विचारून ठेवा, प्रिंट किती लागतील.